चित्र कुणाचं?

शिवाजी महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र येतं. पण त्यांच्या हयातीत, किंवा फार तर मृत्यूनंतरच्या सहा वर्षांत काढलेलं एक चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते तिथे कसं पोचलं, हेही चित्राइतकंच समजून घेण्यासारखं आहे.

निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा पोरसवदा मुलगा 1656 साली आपल्या सुरतेला उतरला आणि पुढे मोगलांच्या चाकरीत शिरला. 1665 मध्ये जयसिंगाच्या छावणीत महाराजांशी आपलं बोलणं झालं, असं तो सांगतो. 1686 च्या आधी त्यानं मीर मुहम्मद या ओळखीच्या चित्रकाराकडून राजेरजवाड्यांची चित्रं करवून घेतली. मीर मुहम्मद औरंगजेबाच्या मुलाच्या, शाह आलमच्या पदरी होता. पुढे मनुचीचं हे चित्रांचं बाड व्हेनिसच्या ग्रंथालयात गेलं आणि 1797 मध्ये नेपोलियनच्या फौजेनं ते पॅरिसला नेलं.

चित्रात महाराज घोड्यावर आहेत, सोबत हत्यारं घेतलेले पायी शिपाई. मोगल चित्रकार बादशहाची स्वारी जशी मांडत, तशीच ही मांडणी. शत्रूच्या पदरचा माणूस, पण हिणवणं कुठेही नाही. हाच मला या चित्राचा मोठेपणा वाटतो. उणं सांगायचं तर चेहरा ठरीव साच्यातला आहे. या माणसाच्या मनात काय चाललंय, ते कळत नाही.

सुरतेत ‘लूट’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. 1664 मध्ये महाराजांच्या स्वारीत आपल्या वीरजी व्होरांचं घर आणि वखार लुटली गेली. 1670 मध्ये शहर पुन्हा लुटलं गेलं. मी जैन आणि मराठीही, म्हणजे या गोष्टीच्या एका बाजूला माझं माहेर, दुसऱ्या बाजूला सासर! आणि चित्राचा प्रवास पाहावा, तर तेही शेवटी लुटीतच गेलेलं.

मालकांची यादी वाचताना एक ध्यानात येतं. नोंद राहते ती घेणाऱ्याची. मीर मुहम्मदचं नाव उरलं, कारण मनुचीनं ते लिहून ठेवलं. आणि वीरजींचा चेहरा आपल्यापैकी कुणी पाहिलाय?

म्हणून सांगते, घरातल्या जुन्या पटामागे, फोटोमागे तो कुणाचा, कुणी काढला, कुणाकडून आला, एवढं तरी पेन्सिलीनं लिहून ठेवा. आपल्याकडे हे काम बायकाच करू शकतील.