सुतावरून स्वर्ग : गाठींची साक्ष

गुन्ह्याच्या कथेत दोरी आली की लेखकाला गाठीचा मोह पडतो. आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ ही कथा १८९३ सालची. क्रॉयडन येथील एका प्रौढ अविवाहितेस टपालाने खोका येतो आणि आत मिठात ठेवलेले दोन मानवी कान निघतात. शेरलॉक होम्सचे लक्ष दोरीकडे जाते. बाईंनी ती कात्रीने कापल्यामुळे गाठ शाबूत राहिली आहे आणि ती खलाशी मारतात तशी आहे. पुढे गुन्हेगार जहाजावरचाच निघतो.

वाचकाच्या स्मरणात ही गाठ तेवढी राहते. डॉइल यांनी मात्र केवळ तिच्यावर भिस्त ठेवलेली नाही. दोरीला लावलेले डांबर, दोहोंपैकी पुरुषाच्या कानाला असलेले छिद्र आणि बेलफास्ट बंदरातून झालेली रवानगी या तिन्ही गोष्टी तिच्या जोडीला आहेत. गाठ हा त्या अनुमानाचा एक पाय आहे, हे विसरले की काय होते, ते एका खऱ्या प्रकरणावरील लेखनात दिसते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, बोल्डर शहरी, २६ डिसेंबर १९९६ रोजी जॉनबेने रॅम्सी या सहा वर्षांच्या मुलीचा मृतदेह तिच्याच घराच्या तळघरात सापडला. गळ्याभोवती दोरी होती व तिचे दुसरे टोक कुंचल्याच्या मोडक्या दांड्याला गुंडाळलेले होते. कुंचला घरातलाच. या एकाच दोरीचे परस्परविरुद्ध अर्थ लागले. जिल्हा अभियोक्त्यांच्या वतीने तपास करणारे लू स्मिट यांना ती बाहेरच्या सराईताची करणी वाटली. पोलीस पथकातील स्टीव्ह थॉमस यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात संशयाचा रोख घराकडेच वळवला. वडील एके काळी नौदलात होते, एवढ्यावरून गाठींचा संबंध त्यांच्याशी जोडणारेही निघाले. होम्सचा तर्क अर्धाच उचलला की असे होते. २००३ मध्ये अटलांटा येथील संघीय न्यायालयाने एका दिवाणी दाव्यात गाठी गुंतागुंतीच्या व जाणकाराच्या असल्याचे नमूद केले, हा आधार वारंवार दिला जातो. परंतु त्या मुद्द्यावर वादीने प्रतिवादच न केल्याने तो निर्विवाद धरला गेला होता. जे तपासून सिद्ध झाले आणि जे कोणी नाकारले नाही, यांतील अंतर शासकीय कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसास तरी विसरता येत नाही.

मग गाठ काय सांगू शकते? साधी गाठ डावीकडे वळते की उजवीकडे, वेढे कोणत्या क्रमाने पडले, टोके कशी कापली, हे तिच्यात टिकून राहते. म्हणूनच दोरी गाठीपासून दूर कापावी व गाठ सोडवू नये, असा तपासाचा दंडक आहे. परंतु सवयीच्या हाताने मारलेल्या साध्या गाठी असंख्य लोकांच्या सारख्याच असतात. वळणावरून बांधणारा डावखुरा होता, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. या प्रकरणात शवविच्छेदनाच्या अहवालातील एक नोंद मला अधिक बोलकी वाटते : मानेमागील गाठीत आणि दांड्यावरील वेढ्यांत मुलीचे केस अडकलेले होते. म्हणजे तो फास अन्यत्र तयार करून आणलेला नसून तिच्या अंगाशीच बांधला गेला असावा. गाठीने कृतीची जागा व क्रम सुचविला. कर्त्याचे नाव सांगितले नाही. मनगटावरील दोरी तर वडिलांनी मुलीला पाहताच सैल करण्याचा प्रयत्न केला होता. पित्याच्या हातून दुसरे काय घडणार? पण तेवढी साक्ष पुसट झाली.

२००८ मध्ये तत्कालीन जिल्हा अभियोक्त्यांनी डीएनए चाचणीच्या आधारे कुटुंबीयांना लेखी दोषमुक्त ठरविले. आई त्याआधीच, २००६ साली, वारली होती. खुनाचा उलगडा अद्याप झालेला नाही.

अंधुक उजेडात दोरीच्या ठिकाणी साप दिसतो, हा आपल्याकडील वेदान्ताचा जुना दृष्टान्त. तेथे भ्रम दिव्याने जातो आणि भ्रमाची किंमत क्षणभराच्या भीतीपुरतीच असते. येथे दोरीत ज्याने त्याने आपापला साप पाहिला, ग्रंथ लिहिले, आणि एका आईला त्या संशयासह जगाचा निरोप घ्यावा लागला. अशी पुस्तके वाचताना वाचकाने एवढेच विचारावे : हे गाठ सांगते आहे, की लेखक?