निर्वासित चिनी मुलास

निर्वासित चिनी मुलास : मराठी कवी अनिल (आत्माराम रावजी देशपांडे, १९०१–८२) यांचे मुक्तच्छंदातील दीर्घकाव्य. प्रसिद्धी १९४३. जपानच्या आक्रमणामुळे घरदार गमावलेल्या एका चिनी मुलास उद्देशून ते रचलेले आहे. अनिलांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. शालेय शिक्षण अमरावतीस व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाल्यावर त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या न्यायखात्यात न्यायाधीशाचे काम केले. ‘फुलवात’ (१९३२) हा त्यांचा पहिला संग्रह मुख्यतः प्रेमकवितेचा. ‘भग्नमूर्ति’ (१९४०) या दीर्घकाव्यात ते संस्कृतिचिंतनाकडे वळले आणि त्यानंतर तीन वर्षांनी प्रस्तुत काव्यात त्यांची दृष्टी देशाच्या सीमेपलीकडे गेली.

परराष्ट्रीय राजकारण हा मराठी कवितेचा नेहमीचा विषय नव्हे. स्वदेशाचे पारतंत्र्य तिने पुष्कळ गाइले. परंतु इतर राष्ट्रांचे तह, कर्जे, शस्त्रपुरवठा आणि त्यांमागील हितसंबंध यांची चर्चा वृत्तपत्रीय गद्याकडेच राहिली. ‘कीचकवध’कार कृ. प्र. खाडिलकर यांनी पहिल्या महायुद्धाचे विवेचन केले, ते लेखांतून. नाटकात त्यांना पौराणिक रूपकाचा आश्रय घ्यावा लागला. या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातील एका कवीने चीनमधील युद्ध हा दीर्घकाव्याचा विषय करावा, ही गोष्ट लक्षणीय ठरते.

तो काळ या विषयाच्या दृष्टीने सरळ नव्हता. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले, तेव्हा भारतीय राष्ट्रीय चळवळीची सहानुभूती निःसंदिग्धपणे चीनकडे होती. काँग्रेसचे अध्यक्ष असताना सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच वर्षी जपानी कवी योने नोगुची याने ‘आशिया आशियावासीयांसाठी’ या भूमिकेतून युद्धाचे समर्थन केले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर पत्रांनी उत्तर दिले. पाच वर्षांत चित्र पालटले. डिसेंबर १९४१ नंतर जपान हा ब्रिटनचा शत्रू व चीन हा दोस्त झाला. चँग कै-शेक फेब्रुवारी १९४२ मध्ये भारतास भेट देऊन गेले, त्याच वर्षी कोटणीस चीनमध्ये निवर्तले आणि १९४३ मध्ये सुभाषबाबू जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सरकार स्थापन करीत होते. म्हणजे जे काव्य १९३८ मध्ये राष्ट्रीय भावनेचा उद्‌गार ठरले असते, तेच १९४३ मध्ये सरकारी युद्धप्रचाराशी जुळणारे भासण्याचा संभव होता. त्यातून कवी सरकारी सेवेतील न्यायाधीश. छोडो भारत आंदोलनाला जेमतेम वर्ष लोटले होते आणि चिमूर व आष्टीच्या घटना विदर्भात ताज्या होत्या.

या आक्षेपाचे उत्तर काव्याच्या संबोधनातच सापडते. कवी चीन या राष्ट्राशी, त्याच्या सेनानींशी वा दोस्तांच्या आघाडीशी बोलत नाही. तो एका मुलाशी बोलतो. मुलाला पक्ष नसतो. कोणत्या तहामुळे आपले गाव जळाले हे त्याला ठाऊक नसते, आणि जळले हे मात्र ठाऊक असते. संबोधनाच्या या निवडीमुळे काव्य प्रचारापासून दूर राहते आणि अनिलांच्या मानवतावादाला अमूर्त तत्त्वापेक्षा अधिक जिवंत आधार मिळतो. मुक्तच्छंदाची योजनाही येथे सार्थ ठरते. ठरावीक चरणसंख्या व यमक यांचे बंधन सोडून बोलण्याच्या लयीजवळ जाणारी ही रचना अनिलांनी मराठीत दृढ केली. परक्या, अनोळखी मुलाशी बोलायचे तर श्लोकबद्ध भाषा कृत्रिम वाटली असती. येथे वाक्य लांबते, थांबते, पुन्हा वळते आणि ऐकणारा समोर आहे असा भास टिकतो.

तथापि जी निवड काव्याचे बळ आहे, तीच त्याची मर्यादाही आहे. जखम दिसते, तिच्यामागचा हात दिसत नाही. चीनमधील युद्ध केवळ जपानी सेनापतींच्या क्रौर्यावर चाललेले नव्हते. जपानला लागणारे बहुतांश खनिज तेल अमेरिकेतून येत होते व तो पुरवठा १९४१ पर्यंत चालू होता. चीनला रसद पोहोचविणारा ब्रह्मदेशाचा रस्ता ब्रिटनने जुलै १९४० मध्ये जपानच्या दडपणाखाली तीन महिने बंद ठेवला. वऱ्हाडच्या वाचकाला याहून जवळचा दुवा कापसाचा होता. १९३३ मध्ये जपानने भारतीय कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारान्वये जपानी कापडाला भारतात द्यावयाची सवलत जपानने खरेदी करावयाच्या कापसाच्या गाठींशी बांधण्यात आली. मूळ प्रमाण दहा लक्ष गाठींना साडेबत्तीस कोटी वार असे होते. कापूस हेच ज्या प्रदेशाचे जीवन, त्या अकोला-अमरावतीच्या बाजारांतील भाव अशा रीतीने दिल्ली व टोकिओ यांच्यातील वाटाघाटींवर अवलंबून राहिला. ही साखळी उकलण्याचे काम प्रस्तुत काव्याने अंगावर घेतलेले नाही. सहानुभूती दूरवर जाते. आपण स्वतः त्या व्यवहारात कोठे उभे आहोत, हा प्रश्न मात्र अस्पर्शित राहतो.

हा प्रश्न वऱ्हाडात विचारला जावा, याला आणखी एक कारण आहे. हा प्रांतच गुप्त वाटाघाटींचे अपत्य होय. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन याने निजामाशी खाजगी भेटीत बोलून वर्षाला २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमचा पट्टा मिळविला. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगच्या पत्राने निजामाची परतीची मागणी फेटाळली गेली आणि १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करून त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. यांपैकी एकाही वेळी येथील रयतेला कोणी विचारले नाही. ज्यांचे भवितव्य दुसऱ्यांच्या दालनात ठरते, अशा लोकांपैकीच अनिलांचे पूर्वजही होते.

कवितेला हा शोध झेपतो काय, या प्रश्नाचे उत्तर पुढे एका पाश्चात्त्य कवीने देऊ पाहिले. पीटर डेल स्कॉट (जन्म १९२९) हा कॅनडाच्या परराष्ट्र सेवेत १९५७ ते १९६१ पर्यंत होता. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तो इंग्रजीचा प्राध्यापक झाला. राज्यघटनेत न दिसणारी, गुप्तहेर संस्था, उद्योगपती व गुन्हेगारी व्यापार यांच्या संगनमताने चालणारी सत्ता हा त्याच्या गद्याचा विषय. १९६५ मध्ये इंडोनेशियात लष्कराने सत्ता बळकावल्यावर लक्षावधी लोकांची कत्तल झाली. तीमागील अमेरिकी हस्तक्षेपावर त्याने १९८५ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि १९८८ मध्ये ‘कमिंग टू जकार्ता’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. तीन-तीन ओळींच्या कडव्यांत रचलेल्या या काव्यात समासात आधारग्रंथांचे निर्देश आहेत. अधिक महत्त्वाचे म्हणजे कवीचे सुखवस्तू बालपण व सत्ताधारी वर्गाशी असलेले त्याचे नाते हीही तपासाची सामग्री बनते. गुन्हेगार शोधू जाता कवीला आपलेच परिचित भेटतात.

स्कॉटची पद्धतीही निर्दोष नाही. दोन व्यक्ती एकाच मंडळात वावरल्या एवढ्यावरून कटाचे अनुमान काढण्याकडे त्याच्या गद्याचा कल होतो, अशी टीका त्याच्यावर झाली आहे व ती अगदीच निराधार नाही. काव्यात मात्र हा दोष काहीसा गुण ठरतो. कारण तेथे संशय हा निष्कर्ष म्हणून येत नाही, मनःस्थिती म्हणून येतो. तरीही कित्येक पृष्ठे नावांच्या ओझ्याखाली दबलेली आहेत आणि मृत माणसे संख्येत हरवतात. नेमक्या याच ठिकाणी अनिलांचे काव्य सरस वाटते. त्यांच्या मुलाला नाव नाही, पण तो हरवत नाही.

पुराव्याची छाननी हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्या न्यायाधीश कवीने आपल्या या काव्यात आरोपपत्र मांडले नाही, साक्षीदारालाच पुढे आणले. नंतरच्या ‘पेर्ते व्हा’ (१९४७) व ‘सांगाती’ (१९६१) या संग्रहांनंतर त्यांनी दहा ओळींचा आटोपशीर रचनाबंध घडविला. ‘दशपदी’ (१९७६) या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. दहा ओळींत युद्धाचा इतिहास मावत नाही. चीनविषयीची मराठी वाचकाची भावनाही १९६२ च्या संघर्षानंतर पूर्वीची राहिली नाही आणि अनिलांच्या दीर्घकाव्यांपैकी ‘भग्नमूर्ति’चीच चर्चा अधिक होत राहिली.