दशावतारी शब्द आणि यंत्राची स्मृती

पेडणे महालातील जत्रांत रात्रभर रंगणारा दशावतार आमच्या साहित्यचर्चेत सहसा येत नाही. कारण उघड आहे : त्याला लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी नटांना कथानकाची रूपरेषा सांगितली जाते. पुढे राजाचा आवेश, राणीचा विलाप, दैत्याचा उपहास हे सारे ज्याने त्याने रंगभूमीवर उभ्या उभ्याच घडवावयाचे असते. घरी कोकणी वा मालवणी बोलणारा नट राजाच्या वेषात संस्कृतप्रचुर मराठी बोलतो, तर पूर्वरंगातील संकासुर त्याच प्रेक्षकांना त्यांच्या रोजच्या बोलीत हसवतो. ही वाङ्मयनिर्मिती नव्हे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे आणि ‘ट्रिकसीन’चे चमत्कार यांनी जुना दशावतार बिघडविला, अशी तक्रार ऐकू येते. ती आम्हांस सरसकट मान्य नाही. ज्या पायपेटीच्या सुरांवर दशावतारी नट गातो, त्या हार्मोनियमचे एकस्व १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले होते. पलित्याच्या जागी गॅसबत्ती आली, तिच्या जागी वीज आली. नट मात्र आपले शब्द स्वतःच शोधीत राहिला. साधन देशी की विदेशी, जुने की नवे, हा प्रश्न आमच्या मते गौण होय. त्याने कलावंताच्या कोणत्या श्रमाची जागा घेतली, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने खरा पेच ध्वनिचित्रमुद्रणाने उत्पन्न केला आहे. आज संपूर्ण प्रयोग भ्रमणध्वनीवर टिपले जातात आणि यूट्यूबवर केव्हाही पाहता येतात. दिवंगत नटांची वाणी त्यामुळे टिकून राहते, हा लाभ लहान नव्हे. परंतु गाजलेले भाषण शंभर वेळा ऐकून ते जसेच्या तसे म्हणण्याचा मोह नवोदितास होणे स्वाभाविक आहे. प्रेक्षकही तेच मागू लागला, तर संहिता नसलेल्या या नाटकाला नकळत संहिता चिकटेल.

येथे एका परदेशी उदाहरणाचे स्मरण उपयुक्त ठरेल. अमेरिकन पंडित मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्या गायकांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात त्यातून निघणारे निष्कर्ष मांडले. आपण गीत शब्दशः तेच गातो, असे गायक सांगत. प्रत्यक्षात प्रत्येक गायनात ते नव्याने रचले जात होते. हे कळले ते यंत्रामुळेच. मात्र छापील गीत हेच प्रमाण मानून ते पाठ करणाऱ्या गायकांची रचनाशक्ती लोपते, असेही लॉर्ड यांनी नोंदविले. निर्मितीचे स्वरूप उघड करण्यास आणि निर्मिती थांबविण्यास एकच साधन कारण होऊ शकते, हे यावरून ध्यानी येईल.

पेडणे तालुक्यातील मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. वेद पळविणारा संकासुर उद्या पळण्यासाठी विमानाचे तिकीट मागू लागला, तर त्यात परंपरेचा भंग आहे असे आम्ही मानणार नाही. समोरच्या गावाशी बोलणे हेच त्याचे काम आहे. दहा वर्षांपूर्वीच्या मुद्रणातील विनोद त्याने तसाच उचलला, तर तो निष्ठेचा भास मात्र होय.

म्हणून अध्यापकांस आणि अकादमीच्या सभासदांस आमची विनंती अशी की, दशावताराचा संग्रह करताना एका आख्यानाचा एकच उत्तम प्रयोग टिपून थांबू नये. तेच आख्यान, तोच नट, परंतु वेगवेगळ्या गावांतील तीन-चार रात्री टिपाव्यात आणि विद्यार्थ्यांसमोर त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. एका रात्रीचा शब्द दुसऱ्या रात्री का बदलला, हे विद्यार्थी विचारू लागले, म्हणजे दशावताराच्या वाङ्मयीन समीक्षेस आरंभ झाला असे आम्ही समजू.