पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कचा वाद : स्पर्धा, अधिकारवाणी आणि समान संकेत – एक चिकित्सा

बीजशब्द : पायथॉन, वेब फ्रेमवर्क, मुक्त स्रोत, डब्ल्यूएसजीआय, तांत्रिक वाद

प्रस्तावना :

संगणक क्षेत्रातील वाद केवळ तांत्रिक असतात, असा समज बराच रूढ आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील वेब फ्रेमवर्कविषयी २००५ च्या सुमारास सुरू झालेला वाद हा समज तपासण्यास उपयुक्त ठरतो. वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारण्यासाठीची पूर्वरचित चौकट होय. वापरकर्त्याची मागणी स्वीकारणे, डेटाबेसमधून माहिती काढणे व ती पानाच्या रूपात परत देणे, ही कामे ती सांभाळते. एकदा चौकट निवडली की पुढील कित्येक वर्षांचे काम तिच्याशी बांधले जाते. म्हणून ही निवड केवळ आवडीची बाब राहत नाही. या वादात कोण जिंकले, यापेक्षा त्यातून काय टिकले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वादाची पार्श्वभूमी :

ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथॉन प्रसिद्ध केली. वेबच्या क्षेत्रात या भाषेला पहिली मोठी ओळख दिली ती १९९८ साली मुक्त स्रोत झालेल्या ‘झोप’ या प्रणालीने. ‘झोप’चा स्वतःचा डेटाबेस होता आणि कामाची स्वतंत्र पद्धतही होती. परिणामी पायथॉन येणाऱ्यास ‘झोप’ येईलच असे नव्हते, आणि ‘झोप’मध्ये मिळवलेले कौशल्य बाहेर फारसे उपयोगी पडत नव्हते. स्वयंपूर्णतेची ही दुसरी बाजू पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

२००४ साली रूबी भाषेतील ‘रेल्स’ ही चौकट आली आणि तिच्या यशामुळे पायथॉनच्या वर्तुळात अस्वस्थता निर्माण झाली. त्यानंतर अल्पावधीत अनेक पर्याय पुढे आले. जुलै २००५ मध्ये ‘जँगो’ सर्वांसाठी खुली झाली, सप्टेंबरमध्ये केव्हिन डँगूर यांची ‘टर्बोगिअर्स’ आली, त्याच सुमारास ‘पायलॉन्स’ आकारास आली आणि २००६ च्या आरंभी आरन स्वार्ट्झ यांनी ‘वेब डॉट पाय’ प्रसिद्ध केली.

दोन भूमिका :

या गर्दीत मुख्यतः दोन भूमिका दिसतात. ‘जँगो’चा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ पासून ती घडवली. बातमीदारीत मुदत तासांत मोजली जाते, त्यामुळे सर्व साधने एकाच ठिकाणी, परस्परांशी जुळलेली असणे ही तेथील गरज होती. संपादकांना प्रोग्रॅमरच्या मदतीविना मजकूर भरता यावा, यासाठी तिच्यात तयार व्यवस्थापन-कक्षही होता.

‘टर्बोगिअर्स’ची भूमिका याच्या उलट होती. प्रत्येक कामासाठी उपलब्ध असलेला उत्तम सुटा भाग घ्यावा आणि त्यांची जुळणी करावी, हे तिचे सूत्र. सर्व्हरसाठी ‘चेरीपाय’, डेटाबेससाठी ‘एसक्यूएलऑब्जेक्ट’, पानांसाठी ‘किड’ आणि जावास्क्रिप्टसाठी ‘मोचीकिट’ असे तिचे घटक होते. जे इतरत्र उपलब्ध आहे ते ‘जँगो’ पुन्हा घडवते, असा आक्षेप या पक्षाकडून घेतला गेला.

हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पुढे सर्वमान्य झालेली ‘एसक्यूएलअल्केमी’ २००६ मध्ये आली. ‘जँगो’च्या निर्मात्यांना २००३ साली ती वापरणे शक्यच नव्हते. तथापि ती उपलब्ध झाल्यावरही ‘जँगो’ने स्वतःचीच डेटाबेस-पद्धती कायम ठेवली, हेही नोंदवले पाहिजे. दुसरीकडे, सुट्या भागांच्या तत्त्वाची किंमतही लवकरच दिसून आली. २००९ मधील ‘टर्बोगिअर्स २’मध्ये ‘चेरीपाय’च्या जागी ‘पायलॉन्स’, ‘एसक्यूएलऑब्जेक्ट’च्या जागी ‘एसक्यूएलअल्केमी’ आणि ‘किड’च्या जागी ‘गेन्शी’ आली. नाव तेच राहिले, परंतु आतील मुख्य घटक बदलले. घटक बदलण्याचे स्वातंत्र्य चौकटीच्या निर्मात्यांनी उपभोगले; त्याचा भार मात्र तिच्यावर आधीच संकेतस्थळे उभारणाऱ्यांवर पडला.

अधिकारवाणी आणि तिची मर्यादा :

पायथॉनच्या समाजात व्हॅन रॉसम यांना ‘आजीव परोपकारी हुकूमशहा’ असे विनोदाने म्हटले जाई. ही भूमिका त्यांनी जुलै २०१८ मध्ये सोडली. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी ‘जँगो’ला आपली पसंती जाहीर केली. वाद मिटवण्यास एवढे पुरेसे ठरेल असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात तसे घडले नाही. एप्रिल २०१० मध्ये आर्मिन रोनाकर यांची ‘फ्लास्क’ आली. एप्रिल फूलच्या थट्टेतून सुचलेली ही लहानशी चौकट ‘जँगो’ची प्रमुख स्पर्धक ठरली.

हे शक्य होण्याचे कारण आधीच घडलेल्या एका गोष्टीत आहे. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी ‘डब्ल्यूएसजीआय’ हा संकेत मांडला होता. सर्व्हरने मागणीची माहिती आणि उत्तर सुरू करण्याचे साधन या दोन गोष्टी द्याव्यात. चौकटीने मजकूर परत करावा. एवढाच हा करार. त्यामुळे कोणतीही चौकट कोणत्याही सर्व्हरवर चालू लागली आणि नव्या निर्मात्याला संपूर्ण व्यवस्था स्वतः उभारण्याची गरज उरली नाही. ‘फ्लास्क’ उभी आहे ती याच संकेतावर.

या संकेताच्या मर्यादाही होत्या. चौकटींचे अंतर्गत भाग त्याने परस्परांत बदलण्याजोगे केले नाहीत, आणि दीर्घकाळ खुल्या राहणाऱ्या जोडण्यांसाठी तो अपुरा पडला.

टीकेची ग्रहणशीलता :

सप्टेंबर २००८ मध्ये ‘जँगो’च्या पहिल्या परिषदेत ‘फ्लिकर’चे कॅल हेंडरसन यांनी ‘मला जँगोचा तिटकारा का आहे’ अशा आशयाच्या शीर्षकाचे बीजभाषण केले. त्याच व्यासपीठावर ‘टर्बोगिअर्स’चे मार्क रॅम यांनी ‘झोप’पासून घ्यावयाचा धडा मांडला. प्रतिस्पर्ध्याला आपल्या घरच्या कार्यात बोलावून त्याच्याकडून दोष ऐकणे, हे या वादाचे सर्वांत आरोग्यदायी लक्षण होय. ‘पायलॉन्स’ आणि ‘झोप’च्या परंपरेतून आलेली ‘रिपोझ बीएफजी’ यांनी तर २०१० च्या अखेरीस एकत्र येऊन ‘पिरॅमिड’ला जन्म दिला.

या प्रक्रियेचा पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. डब्ल्यूएसजीआयची उणीव भरून काढणारा ‘एएसजीआय’ हा संकेत अँड्र्यू गॉडविन यांच्या पुढाकाराने ‘जँगो’च्याच वर्तुळातून आला; डिसेंबर २०१९ मधील ‘जँगो ३.०’ने त्याचा स्वीकार केला. २०१८ साली आलेली ‘फास्टएपीआय’ ही नवी स्पर्धक त्याच संकेतावर चालते. ती ज्या ‘स्टारलेट’वर आधारलेली आहे, तिचे निर्माते टॉम क्रिस्टी हे ‘जँगो रेस्ट फ्रेमवर्क’चेही कर्ते. ज्या पक्षावर एकलकोंडेपणाचा आरोप होता, त्याच पक्षाने स्पर्धकांच्याही उपयोगी पडणारा करार घडवला.

निष्कर्ष :

१. स्वयंपूर्ण चौकट आणि सुट्या भागांची जुळणी या दोन्ही भूमिकांना किंमत आहे. ती कोण मोजतो, हा मूल्यमापनाचा खरा निकष होय.

२. अधिकारी व्यक्तीच्या पसंतीने एखादी चौकट पुढे जाऊ शकते. परंतु वाद मिटत नाही, आणि तो न मिटणे हिताचे ठरले.

३. स्पर्धकांना जोडणारा समान संकेत हे या वादाचे सर्वांत टिकाऊ फलित आहे. तंत्रविषयाच्या अध्यापनात एकाच चौकटीची घोकंपट्टी करून घेण्याऐवजी हा संकेत समजावून दिल्यास चौकट बदलली तरी विद्यार्थ्याचे ज्ञान वाया जाणार नाही.