नाताळचे मूळ आणि आपले माप

नाताळ जवळ आला की एक आक्षेप हमखास कानी पडतो. २५ डिसेंबर हा मुळात रोमनांच्या सूर्यदेवाचा दिवस, नाताळचे झाड ही मूर्तिपूजकांची वृक्षपूजा; मग ख्रिस्ती माणसाने हा सण पाळावाच कशाला, असा त्याचा सूर असतो. कधी तो धर्माला दुरावलेल्या विद्वानाच्या तोंडी असतो, तर कधी प्रभूवर नितांत श्रद्धा असलेल्या, पण सणसोहळ्यांना मूर्तिपूजा समजणाऱ्या अन्यपंथीय बांधवाच्या. आपल्या कुटुंबांतील तरुण हा आक्षेप ऐकून गोंधळतात आणि वडीलधारी मंडळी रागावतात. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक असल्या तरी अपुऱ्या आहेत. आक्षेपाची शांतपणे छाननी करणे हेच त्याचे खरे उत्तर होय.

या आक्षेपाला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या ग्रंथांत स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर हिस्लॉप यांच्या 'द टू बॅबिलॉन्स' या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. १८५८ साली ग्रंथरूप घेतलेल्या या लेखनात कॅथलिक उपासनेचा उगम प्राचीन बाबेलात दाखविण्याचा खटाटोप आहे. नाताळचे झाड म्हणजे पुन्हा जिवंत झालेला निम्रोद, इथवर हिस्लॉप जातात. त्यांच्या पद्धतीचा दोष उघड आहे: दोन गोष्टींत साम्य दिसले की एक दुसरीपासून जन्मली, असे ते गृहीत धरतात. हे तर्कशास्त्र मान्य केले, तर दिवाळीतही दिवा लागतो आणि वेदीवरही मेणबत्ती लागते, म्हणून मिस्सा दिवाळीतून निघाली असे म्हणावे लागेल! अमेरिकन सुवार्तिक राल्फ वुड्रो यांनी १९६६ साली हिस्लॉप यांच्याच आधाराने एक ग्रंथ लिहिला व तो बराच खपला. पुढे मूळ आधार तपासताना ते डळमळीत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी आपला ग्रंथ मागे घेतला आणि १९९७ साली त्याचे खंडन करणारे दुसरे पुस्तक लिहिले. सत्यापुढे स्वतःची कीर्ती गौण मानणाऱ्या या लेखकाविषयी आम्हांला आदर वाटतो.

आता तारखेचा प्रश्न. इ.स. ३५४ मधील एक रोमन संग्रह आज उपलब्ध आहे. त्यातील दिनदर्शिकेत २५ डिसेंबरला 'अजिंक्याचा जन्मदिन' अशी नोंद असून त्या दिवशी ३० रथशर्यती होत असल्याचे म्हटले आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्य, असे सामान्यतः मानले जाते. त्याच संग्रहातील हुतात्म्यांच्या यादीत याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे, आणि ही यादी इ.स. ३३६ पर्यंत मागे जाते. सम्राट ऑरेलियनने रोममध्ये सूर्यमंदिर उभारले ते इ.स. २७४ मध्ये, हे खरे; परंतु २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाचा स्पष्ट पुरावा ३५४ च्या या संग्रहाहून जुना नाही. अर्थात कोणी कोणाचा दिवस घेतला, हे वाटते तितके सरळ नाही. गंमत अशी की, त्या नोंदीतील 'नातालिस' हा लॅटिन शब्दच पोर्तुगीजांच्या 'नाताल'मधून आपल्या 'नाताळ'पर्यंत आला आहे.

फ्रेंच धर्मगुरू व इतिहासकार लुई द्युशेन यांनी १८८९ साली दुसरा विचार मांडला. प्रभूचे मरण आणि त्याची गर्भधारणा एकाच तिथीला, म्हणजे २५ मार्चला झाली, अशी प्राचीन समजूत होती. तिच्यात नऊ महिने मिळविले की २५ डिसेंबर येतो. मरणाची ही तारीख तेर्तुलियनला इ.स. २०० च्या सुमारास ठाऊक होती. मात्र जन्मापर्यंतची पूर्ण जोडणी संत ऑगस्टिनसारख्या उत्तरकालीन लेखकांत स्पष्ट होते, म्हणून हा विचारही निर्णायक ठरत नाही. सोळावे बेनेडिक्ट यांनी पोपपदापूर्वी, २००० साली, सूर्योत्सवाचा सिद्धान्त आता टिकत नाही असे लिहिले. आणि पोप झाल्यावर डिसेंबर २००९ मधील एका प्रवचनात नाताळने सूर्योत्सवाची जागा घेतल्याचा उल्लेख केला. एवढा व्यासंगी धर्मपंडित दोन्हीकडे झुकतो, तर आपण ठाम निकाल देण्याची घाई का करावी?

झाडाची कथा याहून वेगळी आहे. संत बोनिफास यांनी आठव्या शतकात जर्मनीत थोर देवाचा ओक वृक्ष तोडला, हे त्यांचे चरित्रकार विलिबाल्ड सांगतात. त्या लाकडातून संत पेत्राच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधले गेले, इतकेच ते लिहितात. ओकच्या जागी सूचिपर्णी वृक्ष उगवल्याची गोष्ट मागाहून जोडलेली आहे. घरातील सजविलेल्या झाडाचे वर्णन आढळते ते स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालच्या नोंदीत. कागदी गुलाब आणि सफरचंदे त्यावर टांगलेली होती. सफरचंदे पाहून आदाम-एवेचे झाड आठवते, कारण मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा त्यांच्या स्मरणाचा दिवस होता. व्हॅटिकनच्या चौकात मात्र हे झाड उभे राहिले ते थेट १९८२ साली.

मग ख्रिस्तपूर्व असे काहीच नाही काय? आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. डिसेंबरातील सातुर्नालिया उत्सवात रोमन लोक एकमेकांना मेणबत्त्या व मातीच्या बाहुल्या देत. सणावारी दाराला हिरवी पाने बांधणे, दिवे लावणे ही त्यांचीच रीत. ख्रिस्ती लोकही तसे करतात म्हणून तेर्तुलियनने त्यांना खडसावले होते. पुढे पाचव्या शतकात, संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्यांवरून उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्या भाविकांची संत लिओ यांनी कानउघाडणी केली. संत ऑगस्टिन यांनी नाताळच्या प्रवचनात बजावले की, हा दिवस सूर्यासाठी नव्हे, तर सूर्य निर्माण करणाऱ्यासाठी आहे. रीत तीच, परंतु तिचे तोंड दुसरीकडे वळविले गेले.

या वळविण्याचे तत्त्व संत ग्रेगरी यांनी इ.स. ६०१ मध्ये स्पष्ट केले. इंग्लंडमधील केंटच्या राजाला त्यांनी प्रथम मंदिरे पाडण्यास सांगितले होते. काही आठवड्यांतच विचार पालटून त्यांनी मेलितुस यांना कळविले की, मूर्ती काढाव्यात, पण मंदिरे पाडू नयेत. त्यांवर पवित्र पाणी शिंपडावे, आणि बळींच्या जागी लोकांना देवाच्या नावाने भोजनोत्सव करू द्यावा.

आमच्या मते हा विषय आपल्या उंबरठ्यापाशी येतो तो इथे. जी उदारता इंग्लंडच्या वाट्याला आली, ती आपल्या किनाऱ्यावर नेहमी दिसली नाही. फादर स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद घेऊन 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली छापले गेले. ते ग्रेगरींच्याच वाटेने चालले होते. परंतु १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने नवख्रिस्ती घरांतील हळद, विड्याची पाने, तुळस, धोतर यांवरही बंदी घातली. त्या काळाची सावली अजून पुरती सरलेली नाही. युरोपातील झाड आपण निःशंक दिवाणखान्यात उभे करतो. मात्र एखाद्या घराने नाताळच्या रात्री दारात पणत्या लावल्या, रांगोळी काढली, की 'हे आपले नव्हे' अशी कुजबुज सुरू होते. रोमन दिवा चालतो, मग मराठी पणतीने काय घोडे मारले?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात माप घालून दिले आहे. लोकांच्या जीवनरीतीत जे अंधश्रद्धेशी व चुकीशी अतूटपणे बांधलेले नाही, त्याकडे ख्रिस्तसभा सहानुभूतीने पाहते. रीत कोठून आली यापेक्षा ती आज कोणाकडे नेते, हा त्या मापाचा अर्थ आहे. ते माप आपण परदेशी झाडाला लावतो, तसेच अंगणातील रांगोळीला लावले पाहिजे. आणि गोठ्यातील बाळाकडे न नेणारा भपका त्या मापात बसत नसेल, तर तो कितीही जुन्या ख्रिस्ती घराण्याचा असला तरी सोडून दिला पाहिजे.