आज वार कोणता?

मॉन्युमेंट व्हॅलीहून आम्ही निघालो तेव्हा फोनमध्ये अकरा वाजले होते. अडीच तास गाडी चालवून पेजला पोचलो, तर साडेबारा. फोन बिघडला नव्हता. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातलं नावाहो नेशन करतं. आणि नावाहोंच्या प्रदेशाने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश पुन्हा करत नाही. कामावर टाइमझोनचे घोळ निस्तरण्यात माझे किती दिवस गेलेत, ते मलाच माहीत. त्या दिवशी मात्र मी तो घोळ चाकांवर बसून अनुभवत होते.

मी तेव्हा नोकरीसाठी फिनिक्सला होते. ऑक्टोबरात ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी आणि मी, अशा तिघींनी दहा दिवसांसाठी आरव्ही भाड्याने घेतली. बिछाना, शेगडी, बेसिन, संडास, सगळं गाडीतच. सातव्या दिवशी कुणीतरी विचारलं, आज वार कोणता? तिघींची तीन उत्तरं आली. आम्ही खूप हसलो. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमान वाटला.

पेजला रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. दादाचे नऊ मिस्ड कॉल, मग तीन फोटो. पाटावर बाबांचा फोटो, हार, वाढलेली पानं. बाबांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. सांगलीत दुपारचे बारा वाजले तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेबारा होते आणि आम्ही रेंजबाहेर झोपलो होतो. व्हिडिओ कॉलवर असेन, असं मी आईला कबूल केलं होतं. कॅलेंडरमध्ये मी इंग्रजी तारीख टाकून ‘दरवर्षी’वर टिचकी मारली होती. तिथी त्या वर्षी अकरा दिवस आधी आली. दादाने महिन्यापूर्वी ते कळवलंही होतं. ‘हो रे’ म्हणून मी विसरले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी क्लोई झाओचा ‘नोमॅडलँड’ पुन्हा पाहिला. 2021 साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं तेव्हा पहिल्यांदा पाहिला होता, आणि तेव्हा मला त्यात फक्त संध्याकाळच दिसली होती. मावळतीचा उजेड, पियानो, मोकळं माळरान, व्हॅनच्या दारात बसलेली फ्रान्सिस मॅकडॉर्मंड. आज व्हॅनमध्ये राहणाऱ्यांचे जे रील्स आपण रात्री अंथरुणात पडून बघतो, त्यांचा सगळा रंग तिथे आहे. वार विसरण्याचं सुख हीच त्या रील्सची जाहिरात असते.

दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की हा सिनेमा चक्क तारखेने सुरू होतो. पडद्यावर अक्षरं येतात: 31 जानेवारी 2011 रोजी नेव्हाडातल्या एम्पायर गावातला जिप्समचा कारखाना 88 वर्षांनी बंद झाला, आणि जुलैपर्यंत गावाचा झिप कोडही रद्द झाला. फर्नचा नवरा वारलेला, गाव नकाशावरून गेलेलं. ती व्हॅनमध्ये राहायला लागते. यानंतर मात्र सिनेमा आपल्याला तारीख सांगत नाही. नाताळच्या गर्दीआधी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात पॅकिंग, नंतर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात इतर भटक्यांचा मेळावा, मग कॅम्पग्राउंडवर साफसफाई, पुढे बीटची काढणी. ती कुठे काम करते आहे यावरून आपण ऋतू ओळखायचा. ही झाओची फार चांगली युक्ती आहे, कारण ती खरी आहे. फर्नचा वार हरवलेला असेल, हंगाम हरवलेला नाही. तो चुकला तर पेट्रोल भरायला पैसे नसतील.

आरव्हीतलं आयुष्य बिनघड्याळाचं असतं, हा समज इथे मोडतो. अमेरिकेतल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो, पण साधारणपणे एका जागी 14 दिवस. मग हलायचं. म्हणजे ज्याला सोमवार की गुरुवार हे आठवत नाही, त्यालाही आज कितवा दिवस हे मोजावंच लागतं. आमची तर दहा दिवसांची पगारी रजा होती. आमचा वार आम्ही हरवला नव्हता, कंपनीकडे सांभाळायला दिला होता. परत गेल्यावर तो मिळणारच होता.

आणि इथेच माझी सिनेमाबद्दलची तक्रार आहे. तो जेसिका ब्रूडरच्या 2017 सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. ब्रूडर तास मोजते. गोदामातली दहा-दहा तासांची पाळी, काँक्रीटच्या फरशीवर दिवसभराची मैलोन्‌मैल चाल, साठी-सत्तरीतली माणसं, फुकट मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. सिनेमातल्या गोदामात मात्र स्वच्छ उजेड आहे, जेवणाच्या सुट्टीत गप्पा आहेत, मग पुढचा प्रसंग. संकलन झाओचंच आहे, आणि तिची कात्री नेमकी पाळीच्या मधल्या तासांवर चालते. सूर्यास्त पूर्ण दिसतो, पाळी दिसत नाही. प्रेक्षकाला वेळेचं भान उरत नाही ते स्वातंत्र्यामुळे, असं वाटायला लागतं. त्या माणसांना ते उरत नसेल, तर थकव्यामुळेही उरत नसेल. पहिल्यांदा पाहताना मी याच मोहात सापडले होते.

तरीही मी हा सिनेमा सोडू शकत नाही, ते बॉब वेल्समुळे. वेल्स खऱ्या आयुष्यातही व्हॅनवासीयांचा मार्गदर्शक आहे आणि सिनेमात स्वतःचीच भूमिका करतो. पांढरी दाढी, शांत आवाज. डॉलर-बाजाराच्या जोखडातून सुटा, असं सांगणारा माणूस. शेवटाकडे फर्न त्याच्याजवळ नवऱ्याबद्दल बोलते, तेव्हा तो आपल्या मुलाबद्दल सांगतो. मुलाने आत्महत्या केली, त्याला पाच वर्षं झाली. आज तो असता तर 33 वर्षांचा झाला असता.

आज. ‘याच सुमारास’ असं तो म्हणत नाही. इतकी वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला वार ठाऊक असेल-नसेल, ही तारीख ठाऊक आहे. मला वाटतं झाओला हे पूर्ण कळलेलं आहे, म्हणून तो प्रसंग तिने संथ ठेवला आहे आणि कुठेही कापायची घाई केलेली नाही. गोदामालाही तिने एवढाच वेळ दिला असता तर, असं वाटत राहतं.

त्यानंतर फर्न एम्पायरला जाते. साठवून ठेवलेलं सामान देऊन टाकते, रिकाम्या घरातून फिरते, मागच्या दाराने बाहेर पडते. जिथली तारीख सिनेमाने सुरुवातीला सांगितली होती, तिथेच ती परत आलेली असते. मग पुन्हा रस्ता.

पेजच्या पेट्रोलपंपावरून मी दादाला फोन केला तेव्हा सांगलीत मध्यरात्र उलटून गेली होती. तो जागा होता. रागावला नाही. म्हणाला, “अगं, बाबांना तरी कुठे तिथ्या लक्षात राहायच्या? आईच सांगायची.” मग थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. मैत्रिणी गाडीत पाणी भरत होत्या.

आता कॅलेंडरमधली ती नोंद मी काढून टाकली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आईकडून नवीन पंचांगातली तिथी विचारून घेते आणि त्या वर्षापुरतीच तारीख घालते. ‘दरवर्षी’ला हात लावत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागतं, म्हणून पुन्हा विचारते.