शहाण्णव ओळींचा दिवस

इंडियन एनर्जी एक्स्चेंज हा वीजबाजार रोज एक तक्ता प्रसिद्ध करतो: उद्याच्या विजेचा. त्यात ९६ ओळी असतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तेवढेच तुकडे पडतात. रकाने मोजके. खरेदीच्या बोली, विक्रीच्या बोली, जुळलेले मेगावॉट, वेळापत्रकात बसलेले मेगावॉट आणि शेवटी दर. नवख्याला हा मजकूर रूक्ष वाटेल. मला मात्र त्याच्याइतकं नेमकं लेखन क्वचित भेटतं.

वाचायला घ्यावा तो शेवटचा रकाना. तारांची अडचण नसेल तर एका ओळीत देशभर दर एकच. सकाळी दहा ते बारा या वेळात बंद बोली येतात. विक्रेते स्वस्ताकडून महागाकडे लावले जातात, खरेदीदार जास्त देणाऱ्याकडून कमी देणाऱ्याकडे; दोन्ही रेषा जिथे छेदतात तो सगळ्यांचा दर. बाजार समितीत ज्याच्या मालाला जो भाव लागला तो त्याचा. इथे दोन रुपयांना युनिट देऊ करणाऱ्यालाही, दर पाच ठरला तर पाच मिळतात. हे आधी खटकतं. पण त्यातच रचनेचं सौंदर्य आहे. विक्रेते पुरेसे असतील तर बोली फुगवून फायदा नाही, उलट बाहेर राहायची भीती. म्हणून आपला खरा खर्च सांगणंच शहाणपणाचं ठरतं.

मग ओळी खाली उतरत वाचाव्यात. दुपारी सौरवीज भरपूर, दर घसरतो. सूर्य मावळतो, घराघरांत दिवे लागतात आणि चारच ओळींत दर झपाट्याने चढतो. साठवता न आलेली दुपार संध्याकाळी किती महाग पडते, ते इतक्या थोडक्या अंकांत दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. (देशातली बहुतांश वीज आजही दीर्घ मुदतीच्या करारांनी विकली जाते, हा तक्ता उरलेल्या वाट्याचा, तरी उणीव-आधिक्य आधी इथेच दिसतं.)

या तक्त्यात न लिहिलेलीही एक गोष्ट आहे: तारा कोणाच्या? २००३च्या विद्युत कायद्याने पारेषण करणाऱ्याला वीजव्यापाराची मनाई केली, वीजप्रवाहाचं नियंत्रण करणाऱ्या भारप्रेषण केंद्रांनाही केली आणि वाजवी शुल्कात तारा इतरांना खुल्या ठेवायला सांगितलं. त्याच कायद्याने २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी वाटणी झाली. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्यानेच दुकानही मांडलं असतं तर परक्या विक्रेत्याची बोली पोहोचलीच नसती. तक्त्यातल्या प्रत्येक अंकामागे ही मनाई उभी आहे.

आणि तारा अपुऱ्या पडल्या तर? तेव्हा बाजार क्षेत्रांत फुटतो, एकाच वेळेचे दोन दर होतात. दक्षिणेने हे वर्षानुवर्षं सोसलं. उर्वरित देशाशी तिचा जोड मर्यादित होता, म्हणून उत्तरेकडे स्वस्त वीज असतानाही दक्षिणेचा दर वर राहायचा. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि देशाचं ग्रिड एक झालं. दरांतली दरी लगेच बुजली नाही, वाहिन्या वाढत गेल्या तशी अरुंद होत गेली. दोन दरांतलं अंतर म्हणजे न बांधलेल्या वाहिनीची किंमत. इतका स्पष्ट अहवाल कोणतीही समिती देत नाही.

एका प्रकारच्या ओळी मात्र जपून वाचाव्या लागतात. २०२२च्या उन्हाळ्याच्या तोंडावर दर युनिटला २० रुपयांना भिडले, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ती १० झाली. ग्राहकाचा विचार करता हा निर्णय मला पटतो. पण सलग ओळींत १०च दिसू लागले की दर बोलायचा थांबतो, टंचाई थोडी की भीषण ते त्यातून कळत नाही. अशा वेळी नजर पहिल्या रकान्याकडे न्यावी. खरेदीच्या बोली किती आणि जुळलेले मेगावॉट किती, यांतली वजाबाकी करावी. त्या पंधरा मिनिटांत पैसे मोजायची तयारी असूनही या बाजारात किती वीज मिळाली नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.